घरच्या जुन्या फिल्म रिळांचं घरच्या घरी डिजिटायझेशन

पानगळ

आत्याच्या कपाटात पत्र्याच्या एका पेटीत फिल्मची रिळं सापडली. बहुतेक सगळी तळहातावर मावतील एवढी, दोन-तीन मात्र चांगली मोठी. डब्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं आता वाचता येत नाही. सोबत प्रोजेक्टरही आहे, पण तो कित्येक वर्षांत कुणी लावलेला नाही. या चित्रांमधली माणसं नावानिशी ओळखू शकतील अशी घरात आता दोनच माणसं उरली आहेत आणि दोघांचीही वयं झाली आहेत. म्हणून काम लांबणीवर टाकायचं नाही.

बाहेर देऊन करून घेता येतं हे माहीत आहे. पण रिळं नजरेआड करायची इच्छा नाही, आणि हे काम स्वतः शिकायचंही आहे. तर जाणकारांना विचारते:

फिल्म कुठल्या प्रकारची आहे हे कसं ओळखायचं? प्रोजेक्टर लावून भिंतीवरचं चित्र मोबाइलवर घेतलं तर चालेल का? छोटे तयार स्कॅनर मिळतात ते कितपत चांगले? आणि एका डब्याला आंबूस वास येतोय, तो कशाचा?

घिसाडी

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. त्या प्रोजेक्टरमध्ये ही फिल्म इतक्यात घालू नका. बंद पडून राहिलेल्या प्रोजेक्टरचे रबरी पट्टे चिकट होतात, गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत, जुना मळ दगडासारखा बसलेला असतो. फिल्म जर आकसलेली असेल तर तिला खाली ओढणारा पंजा एकेक भोक फाडत जातो. फिल्म मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम डोळ्यांदेखत वितळते. जी फिल्म एकच आहे तिच्यावर हा प्रयोग नको.

ओळखायचं कसं: रुंदी मोजा. ८ मिमी भरली तर दोन शक्यता. भोकं मोठी, जवळजवळ चौरस आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतील तर ती जुनी ‘स्टँडर्ड ८’, जी १९३२ साली आली. भोकं बारीक आणि प्रत्येक फ्रेमच्या मध्याच्या बाजूला असतील तर ‘सुपर ८’, ती १९६५ ची. भोकं लहान केल्यामुळे चित्राला जागा जास्त मिळाली, म्हणून सुपर ८ ची फ्रेम जवळजवळ दीडपट मोठी असते. चकतीवरूनही कळतं: स्टँडर्ड ८ च्या रिळाचं मधलं छिद्र लहान, सुपर ८ चं बरंच मोठं. दुप्पट रुंद असेल तर १६ मिमी. आणि भोक कडेला नसून बरोबर मधोमध असेल तर ९.५ मिमी, ते १९२२ पासूनचं.

तुमची छोटी रिळं ५० फुटी असणार. सुपर ८ मध्ये एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे एका रिळात ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ च्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. स्टँडर्ड ८ मध्ये फुटाला ८० फ्रेम, म्हणजे ४०००, आणि १६ च्या वेगाने ४ मिनिटं १० सेकंद. हे आकडे लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

निळावंती

आंबूस वास म्हणजे अ‍ॅसिटेटचा ऱ्हास, ‘व्हिनेगर सिंड्रोम’. फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो विघटित होतो आणि अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं, त्यामुळे एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, फक्त मंद करता येतं. फिल्म आकसते, कडक होते, वेटोळी होते आणि शेवटी इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पायापासून सुटतं.

म्हणून आजच करायचं काम: तो डबा बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर आणि थंड जागी ठेवा. आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. हवाबंद डब्यात कोंडू नका, वाफ आतच राहते. ‘ए-डी स्ट्रिप’ नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या फिल्मसोबत डब्यात ठेवतात. निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या झाल्या की आम्ल किती झालंय ते कळतं. नाक चांगलं असलं तरी पट्टीचा भरवसा जास्त, कारण नाकाला वासाची सवय होते.

आणि क्रम उलटा लावा. सगळ्यांना आधी चांगली रिळं करून हात बसवायचा असतो. हात बसवायला चांगल्यातलं एखादं कमी महत्त्वाचं रीळ घ्या, पण त्यानंतर लगेच वास येणारं. ते वाट बघणार नाही.

एक भीती काढून टाकते. जुनी फिल्म पेट घेते असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती नायट्रेट फिल्म. ती ३५ मिमीमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सर्रास वापरात होती. घरगुती ८ मिमी आणि सुपर ८ ‘सेफ्टी’ पायावरच निघाली. कडेला तसं छापलेलंही दिसेल.

उंबरठा

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही अशीच रिळं आहेत. मी भिंतीवर पाडून कॅमेऱ्याने घेतलं तर चित्र सतत उजळ-मंद होत राहतं, जणू श्वास घेतंय. कॅमेऱ्याची सगळी सेटिंग बदलून पाहिली. काय कारण असेल?

घिसाडी

@उंबरठा, प्रोजेक्टरच्या आत फिरतं पातं असतं. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरमध्ये ते तीन पाकळ्यांचं. म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश तीनदा चमकतो, एरवी डोळ्याला लुकलुक जाणवली असती. सेकंदाला १८ फ्रेम म्हणजे ५४ चमका. तुमचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. कधी एका चित्रात दोन चमका पूर्ण येतात, कधी कमी-जास्त. त्यातून तो ‘श्वास’ येतो.

प्रोजेक्टरचा वेग कमी-जास्त करता येत असेल तर तो १६⅔ वर आणा. १६⅔ गुणिले ३ म्हणजे बरोबर ५०. कॅमेरा २५ वर, शटर १/५० वर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने कुलूपबंद. वेगाचं बटण केसभर फिरवत गेलात की एका जागी लुकलुक अचानक थांबते. टीव्हीसाठी फिल्म उतरवणारी मंडळी पूर्वी हेच करत.

पण तरीही हा मार्ग मी सुचवणार नाही. मधला भाग उजळ आणि कोपरे अंधारे राहतात, कॅमेरा तिरका असल्याने चौकट वाकडी येते, भिंतीचा पोत चित्रात उतरतो आणि फिल्मच्या काळ्या भागात काय दडलंय ते कधीच दिसत नाही. प्रोजेक्टर उत्तम चालू असेल, फिल्म निरोगी असेल आणि कुणाला आज संध्याकाळीच दाखवायची असेल तर ठीक.

पानगळ

दोघांचे आभार. वासाचा डबा वेगळा केला. छोटी रिळं बहुतेक स्टँडर्ड ८ आहेत, मोठ्यांपैकी एक सुपर ८. तिच्या कडेला तपकिरी रंगाची बारीक पट्टी आहे. ती कशाची?

तिरकीट

आवाज आहे! ती चुंबकीय पट्टी. आवाजाचं सुपर ८ हे १९७३ पासून घरगुती कॅमेऱ्यांत आलं. विरुद्ध कडेला अजून एक अगदी बारीक पट्टी दिसेल, ती मुख्यतः गुंडाळताना दोन्ही कडांची जाडी सारखी राहावी म्हणून असते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पट्टीवरच्या लोहाच्या ऑक्साइडमुळे अ‍ॅसिटेटचा ऱ्हास लवकर होतो, त्यामुळे हे रीळही रांगेत पुढे घ्या. दोन, छोटे घरगुती स्कॅनर आवाज वाचत नाहीत. चित्र आधी स्कॅन करून सुरक्षित करा. मग आवाज वाचणारा प्रोजेक्टर कुणा जाणकाराकडून नीट करून घ्या, दिवा बंद ठेवा आणि फक्त आवाज बाहेर काढून संगणकावर रेकॉर्ड करा. दिवा बंद ठेवला की फिल्म जळायची भीती राहत नाही.

जुळवणी संगणकात. सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो. कारण गेटमध्ये फिल्म थांबत-थांबत जाते आणि आवाजाच्या हेडवरून ती सलग गेली पाहिजे, म्हणून हेड थोडं दूर बसवलेलं असतं. प्रोजेक्टरवर फिल्म चालवताना हे आपोआप जुळतं, पण ज्यांनी फिल्म मध्येच कापून जोडली असेल त्यांच्या प्रत्येक जोडापाशी आवाज सेकंदभर घसरलेला असतो. ते तसंच ठेवा, ते फिल्ममध्येच आहे. प्रोजेक्टरचा वेग कधीच अगदी नेमका नसतो, त्यामुळे आवाजाची लांबी थोडी ताणावी किंवा आखडावी लागते. टाळी, दार आपटणं, कुणी ‘प’ किंवा ‘ब’ने सुरू होणारा शब्द बोलताना ओठ मिटणं, अशी एक खूण सुरुवातीला आणि एक शेवटाला पकडा. मधलं आपोआप बसतं.

निळावंती

स्कॅनरकडे जाण्याआधी हाताने तपासणी. या पायरीला कुणी वेळ देत नाही आणि पुढचे निम्मे त्रास इथेच टळतात.

हाताने फिरवायची दोन चाकं घ्या, मध्ये खालून उजेड येणारी पांढरी काच. फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलकेच धरून सावकाश फिरवत जा. तुटलेलं भोक, उखडलेला जोड डोळ्यांआधी बोटांना कळतो. कडा सोडून फिल्मला स्पर्श नाही. हात धुतलेले, कोरडे, किंवा धागे न सुटणारे हातमोजे.

स्टँडर्ड ८ पाहताना एक मजेची गोष्ट दिसेल. ही फिल्म मुळात १६ मिमी रुंद, २५ फुटी असायची. एक कड चित्रित झाली की गुंडाळी काढून उलटी घालायची, मग दुसरी कड. धुतल्यावर मधोमध चिरून दोन तुकडे जोडले की ५० फूट. त्यामुळे प्रत्येक रिळाच्या बरोबर मध्यावर प्रकाश शिरून नारिंगी-पांढरं झालेलं काही फूट दिसतं, कारण गुंडाळी बदलताना कॅमेरा उघडला होता. कापून टाकू नका. मोठ्या रिळावर कुठे एक ५० फुटी संपून दुसरी सुरू झाली हे त्यावरून मोजता येतं.

कडेवर कोडॅक असेल तर नावाजवळ वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा बघा. त्या फिल्म बनवल्याच्या वर्षाच्या आहेत. दर २० वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येत, तेव्हा माणसांची वयं आणि गाड्यांचे प्रकार बघून कुठलं दशक ते ठरवावं लागतं. आणि लक्षात ठेवा, ते कारखान्यातलं वर्ष आहे, चित्रीकरणाचं नव्हे.

साफ करायला धागे न सोडणारं कापड आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी मिसळलेलं नको, पाण्याने इमल्शनचं जिलेटिन फुगतं. कापड ओलसर, थबथबलेलं नव्हे. लांबीच्या दिशेने एकदाच पुसायचं, कापडाची जागा सतत बदलायची, नाहीतर पकडलेला खडाच पुढे रेघ ओढत जातो. गुंडाळण्याआधी अल्कोहोल पूर्ण उडून गेलं पाहिजे. आवाजाच्या पट्टीवर आधी टोकाला थोडं पुसून बघा, तपकिरी रंग कापडावर आला तर तिथे अल्कोहोल वापरू नका. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. पांढरट जाळं दिसलं तर ती बुरशी. तोंडावर मास्क लावा आणि ते रीळ बाकीच्यांच्या जवळ उघडू नका.

रानवारा

एवढं सगळं करण्यापेक्षा तयार स्कॅनर आणून रीळ लावलं, बटण दाबलं, काम झालं. माझ्या मते सर्वसामान्य घरासाठी तेवढं पुरेसं आहे.

घिसाडी

@रानवारा, मुद्दा रास्त आहे आणि पुष्कळांसाठी उत्तर तेच आहे. त्या यंत्रात दिव्याची धग नाही, फ्रेम एकेक करून टिपली जाते, म्हणून लुकलुक नाही. सेकंदाला साधारण २ फ्रेम, म्हणजे ५० फुटी रिळाला अर्धा तास. भिंतीवरून घेतलेल्या चित्रापेक्षा ते केव्हाही बरं.

उणिवा समजून घेऊन वापरावं. त्याच्या आतही पंजाच असतो, त्यामुळे आकसलेली फिल्म थरथरते. एक्स्पोजर ते यंत्र स्वतः ठरवतं. सावलीतून उन्हात गेलेला शॉट आला की उजेड पायरी-पायरीने बदलताना दिसतो. कडा कृत्रिमरीत्या टोकदार करतं आणि मग एमपी४ इतकं दाबतं की आकाश, पाणी, गवत यांचे चौकोन होतात. टोकदारपणा कमी करायची सेटिंग असेल तर ती सगळ्यात खाली आणा, नंतर हवं तर संगणकात वाढवता येईल. एकदा भाजून निघालेलं मात्र परत कच्चं होत नाही.

काही यंत्रं फाइल सेकंदाला २० फ्रेमची बनवतात. १६ वर चित्रित केलेली फिल्म २० वर चालवली की माणसं लगबगीने चालताना दिसतात. जुनी चित्रं म्हणजे माणसं तुरुतुरु चालणारच असा समज त्यातूनच झालाय. वेग दुरुस्त करायला फ्रेम नव्याने बनवायच्या नसतात, फाइलमध्ये फक्त सेकंदाचा आकडा बदलायचा असतो: २० चा १६. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत ही सोय असते. स्टँडर्ड ८ ला १६, मूक सुपर ८ ला १८, आवाजाच्या फिल्मला १८ किंवा २४. शंका असली तर चालणाऱ्या माणसाची पावलं बघा, पडणारं पाणी बघा. पाण्याला वय नसतं, त्याचा वेग डोळ्याला लगेच कळतो.

पानगळ

मला थोडा वेळ गेला तरी चालेल. घिसाडीदादा, तुम्ही कॅमेऱ्याने फ्रेम-फ्रेम घेता असं दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं होतं. ते सविस्तर सांगाल का?

घिसाडी

सांगतो. लांबेल.

गाभा असा: फिल्म सावकाश पुढे सरकवायची, थांबवायची, मागून उजेड, पुढून कॅमेरा, एक फोटो, पुढची फ्रेम. सरकवायला जुन्या प्रोजेक्टरचा सांगाडा वापरता येतो: मोटर काढून तिथे स्टेपर मोटर (नेमक्या पावलांनी फिरणारी), दिवा काढून एलईडी, पातं काढून टाकायचं. प्रत्येक फेऱ्याला एक चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि कॅमेऱ्याला इशारा मिळतो. पंजा राहतोच, म्हणून ही रचना निरोगी फिल्मसाठी. आकसलेल्या फिल्मसाठी मी पंजाशिवायची केली आहे. फिल्म फक्त गुळगुळीत रोलरवरून ओढायची, फ्रेम नेमकी कुठे थांबली याची चिंता करायची नाही, थोडं जास्तीचं क्षेत्र टिपायचं आणि भोकाच्या जागेवरून संगणकाने चित्र सरळ लावायचं. पानगळताईंच्या वासाच्या रिळाला हाच मार्ग.

कॅमेरा म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा २०२० साली आलेला हाय क्वालिटी कॅमेरा चांगला जमतो. त्याचा सेन्सर सुमारे ६.३ × ४.७ मिमी आहे आणि सुपर ८ ची फ्रेम सुमारे ५.८ × ४ मिमी. म्हणजे चित्र जवळजवळ एकास एक पडतं. भोकासकट सगळी रुंदी हवी असेल तर एकापेक्षा थोडं कमी. फोटो मोठे करण्याच्या एन्लार्जरची ५० मिमीची लेन्स यासाठी उत्तम, कारण ती सपाट गोष्टीचं सपाट चित्र पाडायलाच बनलेली असते. एकास एकला लेन्सपासून फिल्म आणि लेन्सपासून सेन्सर, दोन्ही अंतरं साधारण १०० मिमी. मध्ये नळकांडं, आतून काळं मॅट. लेन्सचं छिद्र (त्याचं माप ‘एफ’ च्या आकड्यात, आकडा मोठा तर छिद्र लहान) फार लहान करू नका: एकास एकला एफ ५.६ प्रत्यक्षात एफ ११ सारखं वागतं आणि चित्र मऊ पडतं. मी एफ ४ च्या आसपास राहतो.

मोठा कॅमेरा वापरणार असाल तर यांत्रिक शटर बंद करून इलेक्ट्रॉनिक शटर लावा. एका रिळाला ३६०० फोटो हा आकडा आठवा. यांत्रिक शटर काही पेटीभर रिळांतच आपलं आयुष्य संपवेल. फिल्म थांबलेली असल्याने इलेक्ट्रॉनिक शटरने चित्र वाकडं होत नाही.

उजेडाबद्दल मी हट्टी आहे. रंग नीट दाखवणारा पांढरा एलईडी, आणि त्याच्यासमोर दुधी ॲक्रिलिक. उजेड जितका पसरट, तितके पायाच्या बाजूचे ओरखडे कमी दिसतात, कारण ओरखड्याच्या कडेवरून वाकलेल्या किरणाची जागा दुसरीकडून आलेला किरण भरून काढतो. एकाच बिंदूतून येणाऱ्या उजेडात तेच ओरखडे काळ्या रेघा होऊन उठतात. एलईडी मंद करायला चालू-बंद करणारं सर्किट वापरू नका, त्याची लुकलुक फोटोत येते. स्थिर प्रवाह द्या.

एक्स्पोजर: फिल्म न घालता रिकाम्या गेटचा फोटो घ्या आणि पांढरा रंग जेमतेम फाटणार नाही एवढ्यावर कुलूप लावा. फिल्म रिकाम्या गेटपेक्षा उजळ असूच शकत नाही, म्हणजे पुढे कुठल्याही फ्रेममध्ये उजळ भाग जळणार नाहीत. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचे काळे भाग फार दाट असतात. त्यांच्यासाठी प्रत्येक फ्रेमचे कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो घेऊन एकत्र करता येतात. वेळ तिप्पट लागतो, पण झाडाखालच्या सावलीत उभं माणूस कोण आहे हे कळतं. घरच्या फिल्ममध्ये तेवढं कळणं पुष्कळ आहे.

उंबरठा

फोटोचा फ्लॅटबेड स्कॅनर आहे माझ्याकडे. फिल्मच्या पट्ट्या त्यावर ठेवून चालेल का?

घिसाडी

एखादी फ्रेम छापण्यासाठी, जरूर. रीळभर करायला नको. स्टँडर्ड ८ ची फ्रेम साधारण ४.५ मिमी रुंद. २४०० डीपीआयला तिचे ४२५ पिक्सेल होतात. ४८०० ला कागदावर ८५० होतात, पण घरगुती स्कॅनरमध्ये तेवढा बारकावा प्रत्यक्षात उतरत नाही. शिवाय फिल्म काचेवर परत-परत मांडताना धूळ आणि ओरखडे वाढतात.

रानवारा

मी एक व्हिडिओ पाहिला, त्यात एआयने जुनी फिल्म ६० फ्रेमची केली होती, कृष्णधवलला रंग दिले होते, चेहरेही एकदम लख्ख. ते शेवटी करून टाकायचं ना?

निळावंती

वेगळी प्रत म्हणून करायचं असेल तर करा. मूळ स्कॅनला हात न लावता, आणि फाइलच्या नावात ‘बदललेली’ असं स्पष्ट लिहून.

माझी हरकत चेहऱ्यांना आहे. ८ मिमीच्या फ्रेममध्ये लांब उभ्या माणसाचा चेहरा म्हणजे फिल्मचे थोडेसे कण. तिथे डोळ्यांचा तपशील मुळात नोंदलाच गेलेला नाही. सॉफ्टवेअर तो हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून भरतं. दिसतं सुंदर. पण ते डोळे तुमच्या माणसाचे नसतात. ज्यांनी त्या माणसाला पाहिलेलं नाही अशी पुढची पिढी तोच चेहरा खरा मानेल. रंगांचंही तसंच: कपड्याचा रंग अंदाजाने दिलेला असतो. धूळ काढणं, थरथर घालवणं, उडालेले रंग परत जुळवणं या दुरुस्त्या वेगळ्या. त्या फिल्ममध्ये जे आहे ते दिसायला मदत करतात.

उडालेल्या रंगांबद्दल: काही रंगीत फिल्म लालसर होतात, कारण निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे ओढून बरंच परत आणता येतं, बशर्ते स्कॅन दाबलेला नसेल. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम मात्र आश्चर्य वाटेल इतकी ताजी निघते.

पानगळ

निळावंती, चेहऱ्यांबद्दलचं अगदी पटलं. मला तेच नको आहे.

एक पंजाशिवायची रचना उभी राहिली आहे (घिसाडीदादांनी व्यक्तिगत निरोपातून नकाशा पाठवला, फार मोठी मदत). वासाचं रीळ झालं. कडा लाटांसारख्या झाल्या होत्या, त्यामुळे एका बाजूला फोकस थोडा जातो, पण चित्र आहे. मचव्यातून उतरणारी माणसं आहेत, कुणीतरी छत्री उघडतंय, एक मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते आणि लगेच लाजून तोंड फिरवते. ती माझी आत्या आहे. तिनेच ओळखलं, बघताक्षणी, छत्रीच्या मुठीवरून.

आता प्रश्न फाइलींचा. प्रत्येक फ्रेमचा फोटो ठेवायचा का? जागा किती लागेल?

घिसाडी

गणित करू. २०४८ × १५३६ ची फ्रेम, तीन रंग, प्रत्येकी ८ बिट: सुमारे ९.४ एमबी. गुणिले ३६०० म्हणजे एका ५० फुटी रिळाला ३४ जीबी. १६ बिटला त्याच्या दुप्पट. म्हणून फोटोंचे ढीग न ठेवता ते एफएफव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत घालून मात्रोस्का (.mkv) फाइल करा. ते दाबतं पण एकही पिक्सेल बदलत नाही, आणि मोफत आहे. त्याचं तपशीलवार मानक २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झालंय, त्यामुळे उद्या एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइल वाचणारं दुसरं लिहिता येईल. ही मूळ प्रत. तिच्यातून नातेवाइकांना पाठवायला एमपी४.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

तिरकीट

पानगळताई, एक सुचवू? मूक फिल्म त्या दोघांना दाखवाल तेव्हा समोर माइक ठेवा. थांबवू नका, प्रश्नांची यादी वाचू नका, फिल्म चालू राहू दे. लोक चित्राबरोबर बोलतात तेव्हा जे निघतं ते मुलाखतीत निघत नाही. दुसऱ्यांदा दाखवताना थांबवून नावं विचारा. हे रेकॉर्डिंग मात्रोस्का फाइलमध्ये वेगळा आवाजाचा ट्रॅक म्हणून ठेवता येतं: एक ट्रॅक शांत, एक त्यांच्या बोलण्याचा. नातवंडांना हवं ते निवडता येईल. एकाच वेळी दोघांना बसवलंत तर आणखी चांगलं, कारण एकाचं चुकलं की दुसरा लगेच दुरुस्त करतो आणि त्या वादात खरं वर्ष सापडतं.

पानगळ

हे फारच मोलाचं. रविवारी दोघं एकत्र येणार आहेत, तेव्हा नक्की.

स्कॅन झालेल्या फिल्मचं काय करायचं? घरातून ‘आता टाकून दे’ असा सूर आहे.

निळावंती

टाकू नका. ज्या स्कॅनने आज समाधान होतंय त्याहून चांगला स्कॅन दहा वर्षांनी घरात होऊ शकेल, पण त्यासाठी फिल्म हवी. हार्ड डिस्क फिल्मइतकी टिकत नाही हेही घरी सांगा.

ठेवायचं थंड आणि कोरड्या जागी. ताज्या अ‍ॅसिटेट फिल्मला २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत व्हिनेगरचा त्रास सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात असा संशोधकांचा अंदाज आहे. तापमान उतरलं की हा काळ झपाट्याने वाढतो. माळ्यावर छपराखाली नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. गंजलेले पत्र्याचे डबे बदला. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर कोरडी फिल्म नीट बंद होणाऱ्या दुहेरी पिशवीत ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. पिशवीचा हा सल्ला वास न येणाऱ्या फिल्मसाठीच. वासाचं रीळ हवेशीर डब्यात, वेगळं.

जुने चिकटपट्टीचे जोड सुटून त्यांचा चीक शेजारच्या थरांना लागतो, तेवढे नवे करून ठेवा. फिल्म पॉलिएस्टरची असेल, उदाहरणार्थ सिंगल ८, तर फिल्म जोडायच्या सिमेंट नावाच्या द्रवाने जोडता येत नाही, तिला पट्टीच लागते.

उंबरठा

सगळा धागा वाचून मीही सुरुवात केली. अर्धं रीळ स्कॅन झाल्यावर लक्षात आलं की मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसताहेत. फिल्म काढून दुसऱ्या बाजूने परत लावू का?

घिसाडी

नको. फिल्मची मॅट बाजू, म्हणजे इमल्शन, लेन्सकडे आली असणार. आकसलेल्या जागी फोकस किंचित वेगळा लागतो, तो दोन-चार फ्रेमवर तपासून घ्या. तो ठीक असेल तर उरलेलं रीळ याच बाजूने पूर्ण करा आणि डावं-उजवं संगणकात फिरवा. त्याने चित्राचं काही बिघडत नाही, आणि फिल्म गेटमधून एक खेप कमी जाते.